तळ्याकडे नेऊ नका

सोमवार, ७ एप्रिल

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, पण पत्रं परत पाठवत नाहीस. म्हणजे वाचतोस, निदान फाडतोस तरी. हे फाडू नकोस. ठकी माझ्याकडे आहे.

आधी बस. पाणी पी. पोरीला काहीही झालेलं नाही. ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते म्हणून तुला सांगून निघाली ना? ते ट्रेनिंग म्हणजे मी. पत्ता कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाली, ‘लिफ्ट दुरुस्तीच्या जाहिरातीत आपलं आडनाव दिसलं.’ मास्तर, लपवायचंच होतं तर आडनाव बदलायचं होतंस.

सकाळी दाढी करत होतो, तेव्हा बेल वाजली. तुला माहीत आहे, बेलवरून मी माणूस ओळखतो. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक बटणावर बोट ठेवूनच देतं, उचलतच नाही. ही बेल जेमतेम टिचकीएवढी वाजली आणि लगेच दारावर बोटांच्या पेरांनी टकटक झाली, बेलवर विश्वास नसल्यासारखी. असं आपल्या घरात एकच माणूस करायचं, ठकीची आई. तुझ्या वहिनीच्या हातातलं दुधाचं पातेलं खाली आलं. मी तोंडाला फेस लावून उभा. दार उघडायला आम्ही दोघंही हललो नाही. पुन्हा टकटक झाली, तेव्हा वहिनी म्हणाली, ‘तुम्ही जा.’ मी म्हटलं, ‘तू जा.’

शेवटी मीच गेलो. दारात तीच वावटळ उभी. तेच कपाळ, तीच एक भुवई वर. फरक एवढाच की हिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘काका ना? फेस सुकतोय तुमचा.’

तुझी मुलगी तू छान वाढवली आहेस. हे मला म्हणायलाच हवं, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

इथे वसंत सप्ताह सुरू झालाय. नगरपालिका दरवर्षी करते. काचघरातली फुलं, बागेत बँड, नदीकाठी जुन्या पुस्तकांची दुकानं, मोठ्या दुकानाच्या सजवलेल्या खिडक्या, आणि गुरुवारी तळ्यावर बोटी सुरू. ठकीने तो छापील कागद आणलाय. म्हणते, ‘आई याच शहरात तापाने गेली. ती काय काय बघायची ते मला सगळं बघायचंय. बाबांना विचारलं की ते इस्त्री करायला लागतात.’

तुला दिलेला शब्द मी पाळीन. तापाचं तापच राहील. पण बाबा रे, शब्द मी दिलाय, या शहराने दिलेला नाही. गुरुवारच्या आत तिला फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझा,
दादा


मंगळवार, ८ एप्रिल

धाकट्या,

फोन आला नाही. ठीक आहे, पत्र आजच पोचलं असेल.

आज काचघर आणि मोठं दुकान झालं. काचघरात आपलं काही नव्हतं. तिथे तुझी ती कधी गेली नाही, तिला दमट हवेत शिंका यायच्या. म्हणून मुद्दाम तिथे जास्त वेळ काढला. झाडांची नावं वाचून माझे डोळे दुखले. एका निवडुंगापुढे ठकी म्हणाली, ‘हा बाबांसारखा आहे. पाणी नको, कुणी हात लावायला नको, आणि वर्षातून एकदा काहीतरी गुलाबी बोलणार.’ मी एवढा हसलो की राखणदार आला.

दुकानात मात्र मी चुकलो. जिन्याने न्यायला हवं होतं. पण चाळीस वर्षं लिफ्टची रोजीरोटी खाल्लेला माणूस जिन्याने कसा जाईल? ती जुनी पितळी जाळीची लिफ्ट अजून आहे. वंगणाचा डबा धरून मी तिथूनच सुरुवात केली. तिच्यात स्टुलावर बसणारा तो म्हाताराही अजून तोच. दृष्टी अधू झाली आहे, पण दुकान त्याला काढत नाही. आम्ही आत शिरलो. तो जाळी ओढता ओढता, वळूनही न बघता म्हणाला, ‘कापडं ना, बाई?’

ठकी म्हणाली, ‘हो.’

का म्हणाली, देव जाणे. आम्हाला तळघरात जायचं होतं. लिफ्ट वर निघाली आणि म्हातारा बोलत राहिला, ‘बरेच दिवसांनी. मध्ये येत नव्हतात. मी म्हटलं, बाळ लहान असेल.’ मी मोटरचा आवाज ऐकायला लागलो. घाबरलो की मी मोटर ऐकतो. बेअरिंग उत्तम आहे, वायररोपला थोडी ओल लागली आहे, हे सगळं मला समजलं. ठकी काय विचार करत होती ते मात्र समजलं नाही.

वर आल्यावर तिने विचारलं, ‘आई इथे यायची?’

‘यायची.’

‘काय घ्यायची?’

‘काही नाही. कापडाला हात लावायची, भाव करायची, आणि परत यायची. दुकानदार रडकुंडीला यायचे.’

ती सगळ्या ताग्यांवरून हात फिरवत गेली. कापडविभागातली एक प्रौढ बाई मोजपट्टी गळ्यात घालून उभी होती. ठकीला बघून ती पट्टी तिने काढली आणि तशीच हातात धरून राहिली. आम्ही निघालो तेव्हा मागे तिचा आवाज आला, ‘अगं, ती बघ...’ माझे कान चांगले आहेत, हा काही वेळा शाप आहे. पुढचं मी ऐकलं. ठकीने ऐकलं की नाही, माहीत नाही.

फोन कर.

दादा


बुधवार, ९ एप्रिल

धाकट्या,

केलास. पण मला नाही, वहिनीला. आणि काय म्हणालास? ‘तळ्याकडे नेऊ नका.’ ठेवलास फोन. वहिनी म्हणते, ‘भाऊजींचा आवाज म्हातारा झालाय हो.’ मग ओट्याशी तोंड करून भांडी घासत बसली, घासलेलीच.

आता माझं ऐक. ठकी अंघोळ करताना, केस विंचरताना गुणगुणते. शब्द नाहीत, नुसती चाल. मधेच, जिथे श्वास घ्यायला नको तिथेच घेते आणि चाल तुटते. तुला कळलं मी काय म्हणतोय. जगात एकच बाई त्या जागी श्वास घ्यायची, आणि आपण तिला त्यावरून चिडवायचो. तिला सांगायचो, ‘पंक्चर झालं बघ.’

काल ऐकलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. आई गेली तेव्हा पोर बोलायलाही शिकली नव्हती. तिला हे कुठून आठवणार? आज न राहवून विचारलं, ‘हे कुठून शिकलीस?’

‘हे? बाबांचं आहे. इस्त्री करताना म्हणतात.’

‘आणि मधे थांबतात?’

‘हो, तिथेच. मी लहानपणी समजायचे, तिथे शर्टाची कॉलर येते.’

मास्तर, तू घरातून तिचे फोटो काढलेस, कपडे वाटलेस, शहर सोडलंस, भावाला सोडलंस. आणि चाल ठेवलीस, ती सुद्धा पंक्चरसकट. मी इतकी वर्षं तुला दगड समजत होतो. दगड गुणगुणत नाही.

दुपारी बागेत बँड ऐकला. बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. आम्ही दोघं होतो, पण त्यांनी सरकून तिघांची जागा केली. मी म्हटलं, ‘दोघंच आहोत.’ त्यांनी ठकीच्या पलीकडे बघितलं, म्हणाल्या, ‘बरं बरं,’ आणि पिशवी मांडीवर घेतली. म्हातारपणी नजर दुहेरी होते. मी तेच समजतो. तूही तेच समज.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. बागेतून आलो. ठकी कोपऱ्यावर पाव आणायला गेली. मी खाली जोडे काढत होतो आणि वर तिच्या खोलीत चाल सुरू झाली. पंक्चरपर्यंत आली, थांबली, पुढे गेली. मी म्हटलं, आली वाटतं मागच्या दाराने. वर गेलो. खोली रिकामी, खिडकी बंद. तेवढ्यात खाली टकटक झाली आणि ठकी पाव घेऊन आत आली. या घरातला एकेक पाइप मी हाताने बसवलाय. कोणता पाइप कोणत्या सुरात घुमतो, मला झोपेतही सांगता येईल. तो पाइप नव्हता.

वहिनीला विचारलं, ‘तू ऐकलंस?’

‘नाही,’ ती म्हणाली. काय ते मी अजून सांगितलंही नव्हतं.

तळ्याचं. मी खूप प्रयत्न केला. म्हटलं, उद्या घंटाघरात जाऊ, यंत्र माझ्या ओळखीचं आहे. म्हटलं, बोटी म्हणजे नुसता चिखल. शेवटी ती म्हणाली, ‘काका, आपण बाजारात गेलो तेव्हा सरळ रस्ता सोडून लांबून का आणलंत? सरळ रस्त्यावर तळं आहे ना?’

मी म्हटलं, ‘मला पोहता येत नाही.’

‘रस्त्यावरून चालायला पोहावं लागतं?’

तुझीच मुलगी. उत्तर चुकलं की आकडेमोड करून दाखवते. मी तिला नेलं नाही, तर ती एकटी जाईल. उद्या सकाळपर्यंत तुला वेळ आहे. मी फोनजवळच बसतो.

दादा


गुरुवार, १० एप्रिल

धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. मधेच टाकू नकोस, कारण तुला जे ऐकायला हवं ते शेवटाकडे आहे.

सकाळभर फोन वाजला नाही. ठकी जोडे घालून तयार. वहिनी म्हणाली, ‘मी नाही येत,’ आणि मग चप्पल घालून आमच्या मागे आलीच.

धक्क्यावर रांग होती. तू हे कधी बघितलं नसेल, कारण ही पद्धत तुझ्यानंतर पडली. मोसमाच्या पहिल्या दिवशी बोटवाले आधी एक बोट रिकामी सोडतात. तिला दरवर्षी नवा रंग देतात, पण आत कुणी बसत नाही. लांब दोराने तिला तळ्याच्या मधोमध जाऊ देतात, थोडा वेळ तशीच ठेवतात आणि ओढून परत आणतात. मग बाकीच्या बोटी सुटतात. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी त्या रस्त्याने जात नाही.

रांगेत आमच्यापुढे दोन बायका होत्या. ठकीने त्यांनाच विचारलं, ‘ती रिकामी का सोडतात?’

‘तिच्यात एक बाई बुडाली होती म्हणे.’

‘नवऱ्याने ढकललं, मी ऐकलंय.’

‘छे गं, नवरा काठावर होता. तान्ही मुलगी होती कडेवर.’

‘मग तिनेच घेतली असेल उडी. वसंतातच होतात असली प्रकरणं.’

वहिनीने माझा दंड धरला. मी त्या बायकांना काहीतरी बोलणार होतो, पण तेवढ्यात ठकी रांगेतून बाहेर पडली आणि सरळ धक्क्याच्या टोकाला गेली, जिथे म्हातारा बोटवाला दोर सोडत होता. त्याने मान वर केली. दोर त्याच्या हातातून सुटला. दुसऱ्याने तो पायाने दाबून धरला, नाहीतर बोट गेलीच होती.

म्हाताऱ्याने टोपी काढली. ‘बाई,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘नाही. तुम्ही त्या नाही.’

ठकी म्हणाली, ‘मी कडेवरची.’

एवढंच. ती रडली नाही, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. तिथेच उलट्या घातलेल्या टोपलीवर बसली आणि म्हणाली, ‘मला सांगा.’

बोटवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो? शब्द मी दिला होता, त्याने नाही. मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली, हे तुला आत्ताच सांगून टाकतो.

त्याने सांगितलं ते असं. बोट मधोमध होती. वल्हं तिच्या हातातून सुटलं आणि पाण्यावर तरंगत लांब गेलं. ते धरायला ती उठली. तिथेच बोट कलली. ‘त्यांनी हात वर केला तो तोल सावरायला,’ म्हातारा म्हणाला. ‘मी बघितलं. मी धावलो, ओरडलो, पण इथे तेव्हा बँड वाजायचा. काठावर साहेब बाळाला घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, बाई हात करतायत. म्हणून त्यांनी बाळाचा हात धरला आणि टाटा केला.’

धाकट्या.

इतकी वर्षं मला वाटायचं, तू दुसरंच काही लपवतोयस. त्या रांगेतल्या बायकांना वाटतं तसलं काहीतरी. तुमचं भांडण झालं असेल, ती रागाने गेली असेल, आणि पोरीने उद्या ‘का?’ विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल. म्हणून मी तुला टोचत राहिलो, ‘सांगून टाक, सांगून टाक.’ आणि तुझ्या घशात हे अडकलेलं. तू हात हलवत होतास. दोघांचे हात.

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही असं नव्हतं की सांगता येईल.

रिकामी बोट मधे पोचून हळूहळू फिरत होती. ठकीने विचारलं, ‘म्हणजे तिने मला बघितलं?’

‘बघितलं. काठाकडेच तोंड होतं त्यांचं.’

‘मी हात केला, तो दिसला तिला?’

‘दिसला असणार.’

‘हसली?’

म्हाताऱ्याला खोटं बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, ‘तेवढ्या लांबून कळत नाही, बाळ.’

बोट परत ओढून आणली. ठकीने विचारलं, ‘बसू?’ बाकीचे बोटवाले एकमेकांकडे बघायला लागले. या बोटीत कुणी बसत नाही, त्यांचा नियम आहे. म्हातारा वाकला, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाला, ‘दोर सुटणार नाही. बसा.’ ती आत उतरली, मधल्या फळीवर बसली. मी काठावर उभा होतो, नेमका कुठे ते विचारू नकोस. ती चाल गुणगुणायला लागली. पंक्चरची जागा आली. माझ्या शेजारी वहिनीने श्वास घेतला, ठकीच्या आधी. मग मला समजलं की बुधवारी तिनेही ऐकलं होतं.

तू बघ, बोट तुझ्या हात करण्याने उलटली नाही. वल्हं सुटलं होतं. तिथे उभ्या असलेल्या, तुझ्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने हे सांगितलंय. तू ओरडला असतास तरी मधे बँड होता. हे मी तुला समजावत नाहीये. ऐकलं ते लिहितोय.

दादा


शुक्रवार, ११ एप्रिल

धाकट्या,

आज सप्ताहातलं काही केलं नाही. ठकी दुपारपर्यंत खोलीत होती. मी तीनदा जिना चढलो आणि उतरलो. चौथ्यांदा दार उघडून ती म्हणाली, ‘काका, लिफ्ट बसवून घ्या.’

चहा घेताना म्हणाली, ‘बाबांना सांगू नका, मला कळलंय म्हणून.’

‘का?’

‘ते इतकी वर्षं ताप ताप करतायत. त्यांना तेवढंच जमलं. आता मी त्यांना सांगितलं, तर ते माझ्यासमोर हात वर करायचेच बंद होतील. फळ्यावर लिहायचेसुद्धा. मी म्हणेन, काचघर बघितलं, बँड ऐकला. इतकी वर्षं त्यांनी मला सांभाळलं. आता मी सांभाळते.’

म्हणजे तुझ्या घरात आता दोन माणसं एकच खोटं दोन बाजूंनी धरून बसणार. मी धंद्यात बघितलंय, दोन्ही बाजूंनी सारखा ताण आला की दोर तुटत नाही, पण लिफ्टचा डबा जागचा हलत नाही. माणसं आत अडकलेली.

मी तिला खरं ते सांगितलं. ‘ठके, कालचं पत्र मी कालच टाकलं.’

तिने माझ्याकडे बघितलं. एक भुवई वर. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिने बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

‘चोंबडे आहात,’ म्हणाली. ‘आईसुद्धा तुम्हाला हेच म्हणायची?’

‘रोज.’

मग ती रडली. वहिनीच्या पदरात. मी खाली जाऊन विनाकारण एक मोटर उघडली.

दादा


शनिवार, १२ एप्रिल

धाकट्या,

हे स्टेशनवरच्या पोस्टातून टाकतोय. ठकी वाटेत मैत्रिणीकडे राहून सोमवारी संध्याकाळच्या गाडीने तुझ्याकडे येईल. पत्र त्याच सकाळी पोचेल, म्हणून घाई.

आम्ही तिघंही लवकर आलो. वहिनीने डबा दिला, ठकीने मला म्हाताऱ्या पाठीला शेक घ्यायला सांगितलं, मी तिला तुझ्या गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं. बायका काय बोलल्या, मला ऐकू आलं, पण ते त्यांचं आहे.

गाडी हलली. ठकी दारात उभी होती. तिने हात वर केला.

वहिनीने पदर तोंडाला लावला. आणि माझा हात, धाकट्या, माझा हात वर जाईना. खांद्यापासून खाली जड. मी उभ्या जन्मात शेकडो माणसांना निरोप दिलाय, लिफ्ट वर-खाली घ्यायला हात करणं तर माझा अर्धा धंदा आहे. डोळ्यांपुढे फक्त पाणी आणि तू काठावर. मला वाटलं, मी हात केला तर ती जाईल.

ती तशीच हात वर धरून होती. डबा पुढे सरकत होता. तिच्या लक्षात आलं. तिने दाराची दांडी धरून अंग बाहेर काढलं, मागचा एक माणूस ओरडला, ‘अहो ताई, आत!’, आणि ही माझ्यावर ओरडली, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी:

‘काका, करा हो हात! काही होत नाही!’

मी केला. दोन्ही केले. लोक बघत होते. गाडी वळणावर गेली तरी करत होतो. शेवटी वहिनीने माझा सदरा ओढला आणि म्हणाली, ‘पुरे आता, गेली ती नीट.’

सोमवारी तू स्टेशनवर जा. घरी बसून इस्त्री करू नकोस. गाडी थांबायच्या आधीच ती दारात येऊन उभी राहील, धीर नाही तिला. ती हात वर करील.

तूही कर.

दादा